इंग्रजीतील अवघड शब्द आणि त्यांची लॅटिन मुळे

अभ्यासिकेत आम्ही इंग्रजीचा सायंवर्ग सुरू केला, तेव्हा फळ्यावर रोज २० शब्द लिहीत असू. विद्यार्थी ते वहीत उतरवून घेत, पहाटे उठून घोकीत आणि शनिवारच्या चाचणीत बिनचूक लिहीत. पुढच्या शनिवारी त्यांतले चारही आठवत नसत. दोष आम्ही मुलांच्या माथी मारीत होतो. मग आमचा एक माजी विद्यार्थी कायद्याच्या पहिल्याच वर्षातून घरी परतला. पाठांतरात तो वर्गात पहिला असे. “सर, एका ओळीत चार शब्द अडतात. शब्दकोश पाहता पाहता रात्र सरते आणि पान तिथेच राहते,” असे तो म्हणाला. त्या दिवसापासून आम्हाला आमच्याच पद्धतीचा विचार करणे भाग पडले.

त्याला अडलेले शब्द ‘ब्रेड’, ‘हाउस’, ‘मदर’ यांसारखे घरगुती नव्हते. ते न्यायालयातले, दवाखान्यातले, ग्रंथांतले होते. इंग्रजीत हे दोन थर पडण्यास इतिहास कारण आहे. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. त्यानंतर दरबाराची व न्यायदानाची भाषा फ्रेंच झाली. धर्मपीठाची आणि विद्वानांची भाषा लॅटिन होतीच. फ्रेंच ही लॅटिनचीच लेक. त्यामुळे शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द जुनेच राहिले आणि सत्तेचे व विद्येचे शब्द लॅटिन कुळातून आले. आज इंग्रजी शब्दकोशातील निम्म्याहून अधिक शब्द थेट वा फ्रेंचमार्गे त्याच कुळातले आहेत. म्हणजे इंग्लंडातील मजुराच्या मुलालाही हे शब्द घरी मिळत नाहीत, ते शिकावेच लागतात. ही गोष्ट आम्ही वर्गात आवर्जून सांगतो, कारण इंग्रजी येत नाही म्हणून आपणच कमी, ही समजूत मुलांच्या मनात फार खोल बसलेली असते.

आपल्याकडेही असेच दोन थर आहेत. घरी ‘पाणी’ म्हणणारे मूल पुस्तकात ‘जलसिंचन’ आणि ‘जलाशय’ वाचते. प्रत्येक शब्द त्याला कोणी पढवत नाही. ‘जल’ एकदा ओळखीचे झाले की पुढचे ते स्वतः उलगडते. लॅटिनच्या बाबतीत हेच करावयाचे आहे.

‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. त्याला उपसर्ग लागून निरीक्षण, परीक्षण, प्रतीक्षा, अपेक्षा हे शब्द झाले. लॅटिनमध्ये पाहण्यासाठी ‘स्पेक्ट’ हे मूळ आहे. आत पाहणे ते ‘इन्स्पेक्ट’, मागे वळून पाहणे ते ‘रेट्रोस्पेक्ट’, पुढे पाहणे ते ‘प्रॉस्पेक्ट’, आणि बाहेर डोळे लावून बसणे ते ‘एक्स्पेक्ट’. हा शेवटचा शब्द आणि आपली ‘अपेक्षा’ यांची घडण जवळजवळ सारखी आहे, हे फळ्यावर मांडले तेव्हा मागच्या बाकावरची मुलेही पुढे सरकली.

संधीचे नियमही ओळखीचे निघाले. ‘उत्’ आणि ‘लेख’ मिळून ‘उल्लेख’ होतो, कारण पुढचा ‘ल’ मागच्या व्यंजनाला आपल्यासारखे करून घेतो. लॅटिनचा नकारार्थी ‘इन’ हा ‘लीगल’ला भेटला की ‘इलीगल’ होतो, म्हणून त्याच्या स्पेलिंगमध्ये दोन ‘एल’ येतात. ‘इमॉर्टल’मधले दोन ‘एम’ असेच आले. या शब्दातील नकार आपल्या ‘अ’चा सख्खा भाऊ आहे आणि ‘मॉर्ट’ हा ‘मृ’ धातूचा, म्हणजे तो शब्द ‘अमर’चाच नातलग ठरतो. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, हे सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्यात १७८६ साली मांडले होते. पाली आणि मराठी जाणणाऱ्या आपल्या मुलांना तो ठेवा आयताच मिळालेला आहे.

बाबासाहेबांच्या १९३६ सालच्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘ॲनायहिलेशन’ हा शब्द आहे. त्यात ‘निहिल’ म्हणजे काहीच नाही, आणि ‘ॲड’ म्हणजे कडे. त्या ‘ॲड’चा ‘डी’ पुढच्या ‘एन’मध्ये मिसळून गेला. शून्याकडे नेणे, काहीही उरू न देणे, असा त्याचा अर्थ. मराठीत आपण ‘निर्मूलन’ म्हणतो. त्याला शब्दशः जुळणारा इंग्रजी शब्द ‘इरॅडिकेट’, कारण ‘रॅडिक्स’ म्हणजे मूळ. ‘रॅडिकल’ म्हणजे मूलगामी, तोही त्यातलाच. मुळे उपटणे आणि शून्यावर आणणे यांत फरक आहे काय, यावर एका सायंकाळी दहावीच्या मुलांनी जेवणाची घंटा होईपर्यंत वाद घातला. २० शब्दांच्या यादीवर असा वाद कधी झाला नव्हता.

तरी मुळावर आंधळा विश्वास ठेवू नये. ‘पेड’ म्हणजे पाय हे शिकल्यावर एका मुलीने ‘पेडिॲट्रिशियन’चा अर्थ पायाचा डॉक्टर असा लिहिला. तिचा तर्क चोख होता. पण तो शब्द ग्रीक आहे आणि तिथे त्या मुळाचा अर्थ मूल असा होतो. दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. ‘एग्रीजियस’ म्हणजे मूळ अर्थाने कळपातून उठून दिसणारा; पूर्वी तो गौरवाचा शब्द होता, आज तो फक्त ठळक वाईटासाठी वापरतात. आपल्याकडचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे: चार ब्रह्मविहारांतील ‘उपेक्खा’ ही चित्ताची समतोल अवस्था, तर मराठीतील ‘उपेक्षा’ म्हणजे दुर्लक्ष. धातू एक, उपसर्ग एक, अर्थाच्या वाटा मात्र वेगळ्या. म्हणून मुळावरून अर्थाचा अंदाज करावा, मग पूर्ण वाक्य वाचावे आणि शेवटी शब्दकोश उघडावा, हा क्रम आम्ही मोडू देत नाही.

आता वहीच्या एका पानावर एकच मूळ असते. आठवड्याला तीन पाने पुरतात. वाचनात नवा शब्द भेटला की तो त्याच्या पानावर वाक्यासह नोंदवला जातो. पालकांना इंग्रजी येत नसले तरी ते ‘या शब्दाचा मराठी जोडीदार कोणता?’ एवढे विचारू शकतात. काही माता ते विचारतातही.

‘व्होक’ म्हणजे हाक मारणे, हे पान सध्या अर्धे रिकामे आहे. त्यावर ‘ॲडव्होकेट’, म्हणजे साह्यासाठी बोलावलेला, आणि ‘रिव्होक’, म्हणजे मागे बोलावणे, एवढेच शब्द आहेत. न्यायालयांत, रुग्णालयांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी पुढच्या भेटीला येताना आपापल्या कामातले असे शब्द लिहून आणावेत. अभ्यासिकेच्या कपाटात ती वही ठेवलेली आहे.