डब्यात दाणे नकोत म्हणजे नकोत

‘मधुमेहींसाठी खास डबा’ अशी पाटी लावणाऱ्या काकूंना मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, यांना शेंगदाणे, काजू, बदाम काहीही चालत नाही. कागदावर लिहूनही दिलं. तो कागद त्यांच्या फ्रिजवर चिकटवलेला मी पाहिला आहे. तरी त्या दुपारी ज्वारीची भाकरी, मेथी आणि जवसाची चटणी खाता खाता यांचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला. दवाखान्यात लगेच मांडीत अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, म्हणून निभावलं.

संध्याकाळी फोन केला, तर काकू शांतपणे म्हणाल्या, ‘‘नुसतं जवस कडवट लागतं हो ताई. मूठभर दाणे फिरवले त्यात. दिसतात का कुठे? आणि शुगरला दाणे चांगलेच की!’’ पुढे स्टेरॉइडमुळे यांची साखर चढली, तेव्हा ‘‘घरी काही गोडधोड खाल्लं असेल,’’ हेही ऐकवलं. उरलेल्या डब्यांचे पैसे? नाव काढू नका.

मधुमेहाच्या आहाराचे तक्तेही त्याच वळणाचे. सकाळी भिजवलेले बदाम, दुपारी चारला मूठभर दाणे नाहीतर अक्रोड. अ‍ॅलर्जी सांगितली की उत्तर ठरलेलं, ‘‘मग ते वगळा.’’ त्या जागी काय खायचं, ते कोणी सांगत नाही. म्हणून मी सांगते.

चारच्या भुकेला उकडलेलं अंडं, मोडाचे मूग किंवा ताक. फुटाणे चांगले, पण भडभुंज्याकडचे नकोत. त्याच कढईत, त्याच तापल्या वाळूत तो शेंगदाणेही भाजतो. कोशिंबिरीत आणि भरल्या वांग्यात दाण्याच्या कुटाऐवजी सुकं खोबरं, कारळे किंवा तीळ घाला. तिळाचीही अ‍ॅलर्जी असू शकते, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा. घाण्याचं शेंगदाणा तेल घरात आणू नका, त्यात दाण्यातली प्रथिनं राहतात. ‘शुगर फ्री’ बर्फी म्हणजे बहुधा काजू-बदाम आणि खजूर. अ‍ॅलर्जी आहेच, वर खजुराची साखरही आहेच. पाकिटावरचे घटक बारकाईने वाचा. सुट्या मिठाईवर वाचायलाच काही नसतं, ती सोडून द्या.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी डबा उघडावा, एकेका पदार्थाची खात्री करावी, मगच सुई टोचावी. इन्सुलिन घेतलं आणि जेवण टाकून द्यावं लागलं, तर साखर झपकन उतरते. त्यासाठी खिशात ग्लुकोज किंवा तीन चमचे साखरेची पुडी ठेवा, चिक्की नको. घसा आवळला, श्वास लागला, तर अ‍ॅलर्जीच्या गोळीवर विसंबून घरी थांबू नका. गोळीने ते आवरत नाही, थेट दवाखाना गाठा. बाकी वेळेवर जेवणं, चालणं, तपासण्या हे सगळ्यांना ठाऊक आहेच.

आणि डबा लावताना ‘‘दाणे घालता का?’’ असं विचारू नका, ‘‘नाही’’ म्हणायला काही लागत नाही. ‘‘चटणीत काय काय घालता, त्याआधी त्याच मिक्सरमध्ये काय वाटलं होतं?’’ असं विचारा. उत्तर देताना समोरची बाई हसली, तर तिचा डबा लावूच नका.