घराची पन्हळ

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, सह्याद्रीच्या पूर्व उतारावर आजरा हे गाव वसले आहे. आंबोलीच्या डोंगरात उगम पावलेली हिरण्यकेशी नदी या गावाजवळून वाहत जाते आणि पुढे कर्नाटकात घटप्रभेला मिळते. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ सुवासाबद्दल प्रसिद्ध आहे. हे भाताचे वैभव या प्रदेशाला लाभले ते पावसामुळे. आजऱ्याच्या पश्चिमेस असलेल्या आंबोलीत वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेकडे यावे तसतसा त्याचा जोर कमी होत जातो. तरीही आजरा तालुक्याच्या पश्चिम भागात आषाढ-श्रावणात दिवसच्या दिवस सूर्यदर्शन होत नाही.

अशा मुलखात घर बांधणाऱ्याला पहिला विचार पावसाचा करावा लागतो. म्हणून येथील जुन्या घरांची छपरे उतरती असतात. आढ्यापासून वळचणीपर्यंत वासे उतरत येतात, त्यांवर रिपा ठोकतात आणि रिपांवर कौले बसवतात. पूर्वी कुंभाराने घडवलेली नळीची कौले सर्रास वापरात होती. पुढे मंगळुरी कौले आली. मंगळूर येथे बाझेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला आणि तेथील सपाट, खाचेची कौले हळूहळू साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर व घाटमाथ्यावर पसरली. पुढे पन्हळीदार पत्रेही आले. छप्पर कोणतेही असो, त्याचे काम एकच : अंगावर पडलेले पाणी न थांबवता खाली लोटून देणे.

परंतु छपराने लोटलेले पाणी जाते कोठे? वळचणीवरून ते पागोळ्यांच्या रूपाने खाली पडते. पागोळ्यांची ती झालर पाहावयास मोठी सुंदर दिसते. पण तिचे काम तितकेसे सुंदर नसते. एकाच रेषेत सतत पडणारे पाणी जमिनीत चर पाडते. त्याचे शिंतोडे भिंतीच्या पायथ्याशी उडतात. भिंत मातीची असली, तर ती हे पाणी शोषून घेते. कोरडी माती भार पेलते. ओली माती तो पेलू शकत नाही. चिखलाचा गोळा उन्हात वाळला म्हणजे विटेसारखा घट्ट होतो आणि पाण्यात ठेवला म्हणजे विरघळतो. भिंतीच्या पायथ्याशी तेच घडते. आधी पोपडे सुटतात, मग पायथा झिजतो आणि शेवटी वरचे ओझे त्या झिजलेल्या पायावर खचते.

हे टाळण्यासाठी पन्हळीची योजना असते. वळचणीखाली आडवी बसवलेली, वरून उघडी, अर्धगोल किंवा चौकोनी नाळ म्हणजे पन्हळ. पागोळ्यांचे पाणी ती आपल्या पोटात घेते आणि भिंतीपासून दूर नेऊन सोडते. सगळ्याच घरांना सर्व बाजूंनी पन्हळ नसते. परंतु दारावर, अरुंद बोळात, आणि जेथे दोन छपरे एकमेकांस येऊन मिळतात तेथे तिच्यावाचून निभाव लागत नाही. लोखंडी पत्रा येण्यापूर्वी लोक वेळू मधोमध चिरून, त्याच्या आतील पेरांचे पडदे काढून पन्हळ करीत. कोकणात पोफळीचे खोड कोरून तिचा उपयोग होई. आज बहुतेक ठिकाणी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची पन्हळ दिसते.

पन्हळ किती पाणी वाहते, याचा हिशोब मुलांना सहज करता येईल. एक चौरस मीटर सपाट जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे तेथे बरोबर एक लिटर पाणी जमते. एखाद्या लहान घराच्या छपराने चाळीस चौरस मीटर जागा झाकली आहे असे समजावे. भर आषाढात एका दिवसात शंभर मिलिमीटर पाऊस होणे या भागात नवलाचे नाही. त्या एका दिवसात या छपरावर चार हजार लिटर पाणी पडते. छपराला दोन पाखी असल्यास प्रत्येक पाख्यावर दोन हजार लिटर. दहा लिटरांची एक कळशी धरली, तर एका पाख्याच्या पन्हळीतून दिवसभरात दोनशे कळश्या पाणी वाहून जाते! पन्हळीला मध्येच भोक पडले असेल, तर त्यांतील कित्येक कळश्या भिंतीच्या पायथ्याशी एकाच जागी ओतल्या जातात. पागोळ्यांचे पाणी निदान सगळ्या लांबीवर विखुरलेले असते. फुटक्या पन्हळीचे पाणी एकवटलेले असते. म्हणून फुटकी पन्हळ ही पन्हळ नसण्याहूनही वाईट.

२०१९ सालच्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ सालच्या जुलैमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. त्या वेळी अनेक मातीच्या घरांची पडझड झाली. महापुरापुढे कोणाचे काही चालत नाही, हे खरे. परंतु जी भिंत आधीच वर्षानुवर्षे पायथ्याशी भिजत व झिजत आली आहे, ती अशा संकटात अधिक लवकर ढासळते. संकट मोठे असते; त्याला वाट करून देणारी हयगय मात्र पुष्कळदा लहानशी असते.

पन्हळ बिघडते कधी? पावसात ती गळू लागते, म्हणून लोक पावसाला दोष देतात. वास्तविक तिचा सांधा बहुधा उन्हाळ्यातच सुटलेला असतो. पावसात तो फक्त उघडकीस येतो. उष्णतेने धातू प्रसरण पावतात व थंडीने आकुंचन पावतात, हे विज्ञानाच्या पुस्तकात मुले शिकतात. चैत्र-वैशाखात भर दुपारी पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो आणि पहाटे पुन्हा निवतो. समजा, या दोन वेळांच्या तापमानात चाळीस अंश सेल्सियसचे अंतर पडले, तर दहा मीटर लांबीची लोखंडी पन्हळ सुमारे पाच मिलिमीटरने लांब व आखूड होते. प्लॅस्टिकची पन्हळ तर याच्या चार-पाच पट हालचाल करते. ही ओढाताण रोज चालते. त्यामुळे खिळे ढिले होतात, सांध्यांतील डांबर सुकून त्याला भेगा पडतात आणि पकडी वाकतात. पकड वाकली की उतार बिघडतो. उतार बिघडला की पाणी साचते. आणि साचलेल्या पाण्यात कुजलेला पालापाचोळा पत्र्याला गंज चढवतो.

उन्हाचा हा प्रताप पाहावयाचा असेल, तर राजस्थानच्या वाळवंटाकडे दृष्टी टाकावी. तेथील फलोदी या गावी १९ मे २०१६ रोजी तापमान ५१ अंश सेल्सियसपर्यंत चढले होते. जैसलमेरला वर्षभरात पाऊस पडतो तो सुमारे दोनशे मिलिमीटर, कधी त्याहूनही कमी. म्हणजे आजऱ्याकडे दोन मुसळधार दिवसांत जितका पाऊस पडावा, तितका तेथे साऱ्या वर्षात! अशा प्रदेशात पन्हळीचे काय काम, असे कोणासही वाटेल. परंतु तेथे तिचे मोल आजऱ्याहून अधिक मानतात. घराच्या सपाट गच्चीला किंचित उतार देऊन पावसाचे पाणी पन्हळीवाटे जमिनीखालच्या टाक्यात नेण्याची तेथे जुनी रीत आहे. या टाक्याला ‘टांका’ म्हणतात. पावसाळ्यापूर्वी गच्ची झाडून स्वच्छ करतात, पहिल्या सरीचे मळके पाणी बाहेर सोडून देतात आणि मगच टांक्याची वाट मोकळी करतात. चाळीस चौरस मीटरांच्या गच्चीवर दोनशे मिलिमीटर पाऊस पडला, तर हिशोबाने आठ हजार लिटर पाणी होते. त्यातले काही उडून जाते, काही जिरते. पण उरलेल्यावर घराची तहान पुष्कळ दिवस भागते. तेथे पन्हळीला भेग गेली, तर भिंत भिजते एवढेच नव्हे, घरातले पिण्याचे पाणी वाळूत जाते.

एका ठिकाणी पन्हळ पाण्यापासून घर वाचवते. दुसऱ्या ठिकाणी घरासाठी पाणी वाचवते. काम निराळे, पण तिची राखण सारखीच. आणि ही राखण थोड्या खर्चात, बरीचशी घरच्या घरी होण्यासारखी आहे.

दुरुस्तीची खरी वेळ म्हणजे मृग नक्षत्राच्या आधीचा महिना. त्या वेळी छपरे शाकारण्याचे काम चालूच असते. प्रथम पन्हळीतील पाने, माती, पाखरांच्या घरट्यांतील काड्या काढून टाकाव्या. नुसती सफाई केली, तरी निम्मे दुखणे दूर होते आणि तिला एक पैसाही लागत नाही. नंतर वरच्या टोकाला तांब्याभर पाणी ओतून पाहावे. ते न थांबता खालच्या टोकाला गेले, तर उतार ठीक आहे. मध्येच साचले, तर तेथील पकड वर उचलून पक्की करावी. दर मीटरला सुमारे एक सेंटिमीटर उतार पुरेसा होतो.

भोक लहान असेल, तर त्याभोवतीचा गंज घासकागदाने पूर्ण काढावा, जागा कोरडी करावी आणि डांबरात बुडवलेला जाड सुती कापडाचा तुकडा त्यावर घट्ट बसवावा. ओल्या किंवा गंजलेल्या जागेवर लावलेले ठिगळ एका पावसातच सुटते. भोक मोठे असेल, तर पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराकडून त्याच पत्र्याचा तुकडा झाळून घ्यावा. तुकडा तांब्याचा नसावा. लोखंडावर जस्ताचा मुलामा चढवण्याच्या रीतीचे पेटंट सोरेल या फ्रेंच गृहस्थाने १८३७ साली घेतले. हा मुलामा स्वतः झिजतो आणि लोखंडाला वाचवतो. पण त्याला तांबे लागले आणि वर ओल मिळाली, की तो फार झपाट्याने नाहीसा होतो. म्हणून जस्ताच्या पन्हळीला तांब्याच्या तारेने बांधणे हेही चुकीचेच.

दोन तुकडे जोडताना कौलांची रीत आठवावी. वरचे कौल खालच्या कौलावर येते, म्हणून पाणी आत शिरत नाही. त्याचप्रमाणे वरच्या अंगाच्या पन्हळीचे टोक खालच्या अंगाच्या पन्हळीत सोडावे. उलट केल्यास पाणी नेमके सांध्यात घुसते. लांब पन्हळ असेल, तर ती सर्वत्र खिळ्यांनी जखडू नये. तिला ताणण्या-आखडण्यास थोडी मोकळीक ठेवावी. शेवटी, पाणी जेथून खाली उतरते त्या तोंडावर जाळी बसवावी आणि खाली दगड ठेवून, त्यावर पडलेले पाणी चरावाटे दूर काढून द्यावे.

ही कामे उंचावरची आहेत. शिडी लावणे, डांबर तापवणे, विजेच्या तारांजवळ जाणे ही कामे मोठ्या माणसांनीच करावी. परंतु मुलांनाही यात मोठा वाटा उचलता येतो. वळवाची पहिली सर आली, की ओसरीवर उभे राहून पन्हळ कोठे गळते, पाणी कोठे साचते, भिंतीवर ओल कोठे दिसते, हे नीट न्याहाळावे आणि घरातील वडीलधाऱ्यांस सांगावे. वळीव ही पावसाळ्याने आगाऊ घेतलेली परीक्षाच होय. तीत दिसलेली चूक मृगापूर्वी सुधारता येते. आषाढात दिसलेली चूक मात्र ओल्या छपरावर चढून सुधारणे अवघड, आणि जीवावर बेतणारेही.

हाताएवढे कापड, मूठभर डांबर आणि अर्ध्या दिवसाची मेहनत एवढ्यावर जे काम उन्हाळ्यात भागते, तेच पावसाळ्यापर्यंत ढकलले तर भिंतीच्या किमतीला जाऊन पोहोचते. घर पुष्कळदा मोठ्या खर्चाने बांधले जाते. पण ते टिकते मात्र वेळेवर केलेल्या लहान लहान कामांनी.

शब्दार्थ

आढे – छपराच्या दोन पाख्यांना जोडणारे मधले, सर्वांत उंच लाकूड.
पाखे – छपराची एक उतरती बाजू.
वळचण – छपराची भिंतीबाहेर आलेली कड व तिच्याखालची जागा.
पागोळी – वळचणीवरून गळणारी पाण्याची धार.
शाकारणे – पावसाळ्यापूर्वी छपराची कौले किंवा गवत नीट बसवणे.
झाळणे – धातूचे तुकडे वितळलेल्या धातूने सांधणे.
वळीव – पावसाळ्यापूर्वी, उन्हाळ्यात येणारा गडगडाटी पाऊस.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे लिहा.
(अ) पागोळ्यांच्या पाण्याने मातीच्या भिंतीचे कोणते नुकसान होते?
(आ) ‘फुटकी पन्हळ ही पन्हळ नसण्याहूनही वाईट’ असे का म्हटले आहे?
(इ) आजऱ्याकडील पन्हळ व वाळवंटातील पन्हळ यांच्या कामांत कोणता फरक आहे?

२. कारणे द्या.
(अ) लांब पन्हळ सर्वत्र खिळ्यांनी जखडू नये.
(आ) जस्ताच्या पन्हळीला तांब्याच्या तारेने बांधू नये.

३. एका घराच्या छपराने साठ चौरस मीटर जागा झाकली आहे. एका दिवसात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या छपरावर किती लिटर पाणी पडेल?

४. आपल्या घराच्या किंवा शाळेच्या छपराचे पाणी कोठून वाहते व कोठे जाते, याचे निरीक्षण करून दहा ओळी लिहा.