शिकण्याची रोजवही

आपल्या दप्तरात मराठीची वही असते, गणिताची असते. फळ्यावरचे आपण त्यांत उतरवून घेतो. पण काल काय येत नव्हते आणि आज काय आले, याची वही कोणाजवळ आहे का? ती असावी. तिला रोजवही म्हणावे. रोज चार-पाच ओळी पुरेत. अक्षर वाकडे असले तरी चालेल, पण खरे लिहावे.

रोज तीन गोष्टी लिहाव्यात :

१) आज काय शिकलो?
२) काय कळले नाही, कोठे चुकलो?
३) ते कोणाला विचारणार?

आठ दिवसांनी मागची पाने वाचावीत. चुकीचे खोडू नये. खाली तारीख टाकून नवे लिहावे, म्हणजे आपण कसे शिकलो ते दिसते.

दुसरी गोष्ट लिहायची लाज वाटते. पोरं हसतील म्हणून मी पहिले आठ दिवस नुसते 'सगळे समजले' असेच लिहीत होतो.

मग भूकंपाचा पाठ झाला. मी लिहिले, '३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी भागात भूकंप झाला. सुमारे दहा हजार माणसे गेली. भूकंप माणसे मारतो.' खाली लिहिले, 'कळले नाही : जमीन हलली तर माणूस पडेल, पण मरेल कसा? आजीला विचारणे.'

आजीचे माहेर औसा तालुक्यातले. ती आधी गप्पच बसली. मग म्हणाली, "भूकंपानं न्हाई रं बाळा, माळवदानं मारलं. झोपेतच अंगावर आलं."

दुसऱ्या दिवशी मी हे वर्गात वाचले. कोणी हसले नाही. गुरुजींनी पुढचे समजावले. तेव्हाच्या पुष्कळ घरांच्या भिंती जाड दगडांच्या, पण सांध्यात नुसता चिखल. वर लाकडावर मातीचा जाड थर. त्याने उन्हाळ्यात घर थंड राही. पण जमीन हलताच दगड सुटले आणि सारे ओझे खाली आले. मी जुने वाक्य तसेच ठेवून खाली लिहिले, 'भूकंप थांबवता येत नाही. घर मात्र नीट बांधता येते.'

तेव्हा न कळलेले लिहिणे हा कमीपणा नाही. मायकेल फॅरडे लंडनमध्ये पुस्तकबांधणीचे काम शिकत होते. शाळा थोडीच झालेली. १८१२ साली त्यांनी हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञांची व्याख्याने ऐकली, टिपणे काढली, ती बांधून डेव्हींनाच पाठवली. १८१३ साली त्यांना प्रयोगशाळेत मदतनीसाचे काम मिळाले. पुढे ते आपल्या प्रयोगांची नोंद ठेवू लागले. तीत फसलेले प्रयोगही आहेत. १८३१ साली त्यांनी चुंबक हलवून तारेत वीज निर्माण केली. वीजकेंद्रातली जनित्रे याच तत्त्वावर चालतात.

पालकांना एक विनंती. पोरगं घरी आलं की आपण विचारता, "किती मार्क पडले?" कधी "आज काय कळलं नाही?" असेही विचारा. वाचता येत नसेल तर त्याच्याकडून वाचून घ्या. माझी आजी अंगठा लावते. पण माझ्या रोजवहीतले सर्वांत चांगले पान तिच्यामुळेच लिहून झाले.

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी