नवे उच्चस्तरीय डोमेन कसे स्थापन होते?

मी भोपाळच्या भेल वसाहतीत, पिपलानी भागात राहतो. पत्रावर आपण क्वार्टरचा क्रमांक आधी आणि शहर शेवटी लिहितो. टपालखाते मात्र शहर आधी पाहते. इंटरनेटवरील पत्त्याचेही तसेच आहे. शेवटच्या टिंबानंतरचा 'इन' किंवा 'कॉम' हा शब्द प्रथम वाचला जातो. त्यालाच उच्चस्तरीय डोमेन म्हणतात.

असा नवा शब्द मनाने ठरवून चालत नाही. जगातील सर्व संगणक एकाच मूळ यादीवर विसंबतात, म्हणून त्या यादीत नोंद व्हावी लागते. 'आयकॅन' ही संस्था तिची व्यवस्था पाहते. नोंदीचे मुख्य मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग देशाचा. आंतरराष्ट्रीय मानकानुसार देशाला मिळालेली दोन अक्षरे त्याचे डोमेन होतात. आपले 'इन' १९८९ साली असेच आले.

दुसरा मार्ग अर्जाचा. यात कंपनी, संस्था किंवा शहरही उतरू शकते. २०१२ च्या फेरीत प्रत्येक अर्जाचे शुल्क १,८५,००० डॉलर होते. तरी १,९३० अर्ज आले. मात्र पैसे भरल्याने काम संपत नाही. नावावर हरकती घेता येतात, आणि यंत्रणा अखंड चालवण्याची क्षमताही दाखवावी लागते.

तिसरा मार्ग लिपीचा. देशाचे नाव त्याच्या स्वतःच्या लिपीत नोंदण्याची सोय २००९ साली झाली. त्यातून देवनागरी 'भारत' हे डोमेन २७ ऑगस्ट २०१४ रोजी खुले झाले. ते 'निक्सी' ही संस्था चालवते. हिंदी, मराठी, कोकणी, नेपाळी अशा अनेक भाषांना ते सामायिक आहे. पुढे कन्नड लिपीतील 'भारत'चीही नोंद झाली.

सामायिक घरात प्रत्येकाने आपले अक्षर जपावे लागते. आपण 'भोपाळ' लिहितो, हिंदी शेजारी 'भोपाल' लिहितात. संगणकाच्या लेखी ही दोन निराळी नावे आहेत. एक नोंदले म्हणून दुसरे आपले होत नाही.

शिवाय मूळ यादीतील नोंद हे निम्मेच काम. अनेक संकेतस्थळांवरील अर्ज देवनागरीतला ईमेल पत्ता आजही 'चुकीचा' म्हणून परत करतात. तेथे अडचण आयकॅनची नसते. पत्त्यात फक्त रोमन अक्षरेच असणार, असे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने गृहीत धरलेले असते. आपल्यापैकी जे विद्यार्थी प्रोग्रॅम लिहितात, त्यांनी तपासणीच्या वेळी 'ळ' असलेला एक पत्ता अवश्य घालून पाहावा.