हार्टफर्ड : विम्याचं गाव आणि मधला माणूस

न्यूयॉर्क आणि बोस्टन यांच्या साधारण मध्यावर, कनेक्टिकट नदीच्या पश्चिम काठावर आपल्या संमेलनाचं यजमान शहर हार्टफर्ड वसलेलं आहे. संमेलनाला येणारे पाहुणे ब्रॅडली विमानतळावर उतरतील, नाहीतर आय-९१ किंवा आय-८४ धरून गाडीने येतील. शहर जवळ आलं की आधी तीन गोष्टी नजरेत भरतात : राज्याच्या विधानभवनाचा सोनेरी घुमट, कोल्टच्या जुन्या बंदूक कारखान्यावरचा चांदण्या रेखलेला निळा घुमट आणि ट्रॅव्हलर्स विमा कंपनीचा १९१९ साली पूर्ण झालेला ५२७ फुटी मनोरा. पहिल्या दोन वास्तू सुंदर आहेत, पण या शहराची खरी ओळख तिसरीत आहे.

टॉमस हूकर नावाचा धर्मोपदेशक १६३६ साली आपल्या अनुयायांना घेऊन मॅसॅच्युसेट्समधून इथे आला. या वसाहतीने १६३९ मध्ये राज्यकारभाराचे लेखी नियम केले, म्हणून कनेक्टिकटच्या गाड्यांच्या पाट्यांवर आजही ‘कॉन्स्टिट्यूशन स्टेट’ असं लिहिलेलं असतं. ‘हार्टफर्ड कोरंट’ हे वृत्तपत्र १७६४ पासून अखंड निघत आहे. वॉड्सवर्थ अथेनियम हे देशातलं सर्वांत जुनं, सतत चालू असलेलं सार्वजनिक कलासंग्रहालय बुशनेल पार्कपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. मार्क ट्वेन १८७४ ते १८९१ या काळात ज्या घरात राहिला, ते फार्मिंग्टन अव्हेन्यूवरचं घर आणि शेजारचं हॅरिएट बीचर स्टो यांचं घर, यांसाठी एक दुपार राखून ठेवा. ट्वेन इथल्या एका अपघात विमा कंपनीचा संचालक होता आणि अपघात विम्यावर त्याने १८७४ मध्ये भाषणही केलं होतं. या गावात लेखकालाही विम्यापासून लांब राहता आलं नाही.

याचं मूळ नदीत आहे. समुद्रातून वर येणारी जहाजं हार्टफर्डपर्यंत पोचत आणि वेस्ट इंडीजशी व्यापार चाले. जहाज बुडालं तर एकटा व्यापारी देशोधडीला लागू नये, म्हणून चारचौघांनी जोखीम वाटून घ्यायची इथे रीत होती. तीच रीत पुढे आगीच्या विम्याला लागू झाली. हार्टफर्ड फायर इन्शुरन्स कंपनी १८१० साली आणि एट्ना १८१९ साली निघाली. १८३५ च्या डिसेंबरमध्ये न्यूयॉर्कला भीषण आग लागली. थंडी इतकी कडाक्याची होती की नळ्यांतलं पाणी गोठत होतं. खालच्या मॅनहॅटनमधल्या जवळजवळ सातशे इमारती जळाल्या आणि तिथल्या बहुतेक आग-विमा कंपन्या बुडाल्या. त्या वेळी हार्टफर्ड फायरचा अध्यक्ष एलिफलेट टेरी याने स्वतःची मालमत्ता बँकेकडे तारण ठेवली आणि घसरगाडीतून बर्फ तुडवत न्यूयॉर्क गाठून सगळे दावे चुकते केले, अशी आठवण इथे आजही सांगतात. विमा कंपनीची पत पॉलिसी विकताना नव्हे, तर पैसे देताना ठरते, हे या शहराने तेव्हाच जगाला दाखवलं.

जेम्स बॅटरसनने १८६४ मध्ये ट्रॅव्हलर्स काढली. पोस्टात भेटलेल्या जेम्स बोल्टर नावाच्या बँकवाल्याने पोस्टापासून घरापर्यंतच्या पायी प्रवासाचा विमा मागितला आणि बॅटरसनने तो दोन सेंटांना दिला, ही त्या कंपनीची जन्मकथा. मला मात्र १८६६ मध्ये निघालेल्या हार्टफर्ड स्टीम बॉयलर कंपनीचं जास्त अप्रूप वाटतं. आदल्याच वर्षी मिसिसिपी नदीवर ‘सुल्ताना’ या आगबोटीचे बॉयलर फुटून हजाराहून अधिक माणसं मेली होती. या कंपनीने बॉयलरचा नुसता विमा उतरवला नाही. तिचे निरीक्षक आधी जाऊन बॉयलर तपासत, दोष दाखवत आणि मगच जोखीम घेत. नुकसान भरून देण्याआधी ते टाळायला मदत करणं, ही विम्यातली सर्वांत मोलाची सेवा आहे.

आता एक गोष्ट पाहुण्यांना चकित करेल. ज्या शहरात एवढ्या कंपन्या, तिथे राहणारी आपली मंडळी स्वतःच्या गाडीचा किंवा घराचा विमा बहुधा या मनोऱ्यांत जाऊन घेत नाहीत. ट्रॅव्हलर्सचा धंदा मुख्यतः स्वतंत्र एजंटांमार्फत चालतो आणि ते एजंट ग्लास्टनबरी, साउथ विंडसर, एव्हन अशा गावांत छोट्या कचेऱ्या थाटून बसलेले असतात. मी इथल्या विमा उद्योगात संगणकाचं काम करतो. आपले कितीतरी लोक हेच करतात. १९८१ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या इन्फोसिसनेही २०१८ मध्ये हार्टफर्डला केंद्र उघडलं. दिवसभर पॉलिसी आणि क्लेम यांच्या प्रणाली सांभाळणारे आम्ही. तरी घरचा विमा कोणाकडून घ्यायचा, हा प्रश्न गणपतीच्या जेवणावळीत हमखास निघतो आणि उत्तरं ऐकीव असतात. म्हणून शहराच्या ओळखीतच त्याबद्दल लिहितो.

भारतात आपल्यापैकी बहुतेकांनी एकच प्रकार पाहिला. १९५६ साली २४५ संस्थांचं राष्ट्रीयीकरण होऊन एलआयसी झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षं आयुर्विमा म्हणजे एलआयसी, आणि एलआयसी म्हणजे घरी येणारे एजंट काका. ते हप्त्याची आठवण करायचे, दिवाळीला कॅलेंडर आणायचे आणि घरात कोणी गेलं तर कागदपत्रं घेऊन स्वतः कचेरीत जायचे. निवड करायचा प्रश्नच नव्हता. इथे तो आहे, आणि सुरुवात या प्रश्नापासून करायची : हा माणूस कोणाच्या वतीने माझ्यासमोर बसला आहे?

स्टेट फार्मसारख्या कंपनीचा एजंट त्या एकाच कंपनीचा असतो. इलिनॉयमधल्या एका शेतकऱ्याने १९२२ मध्ये काढलेली ही कंपनी आज गावोगाव आहे आणि तिच्या कचेरीत बसणारा माणूस बहुधा त्याच गावचा असतो. एकाच कंपनीचं काम असल्याने तिच्या पॉलिसीतली खाचखोच त्याला पाठ असते, ही जमेची बाजू. पण कंपनीने दर वाढवले किंवा तुमच्या भागात घरांचा विमा घेणं कमी केलं, तर तो तुम्हाला दुसरीकडे नेऊ शकत नाही.

स्वतंत्र एजंटाचे अनेक कंपन्यांशी करार असतात. अमेरिकेत एक जुनी प्रथा आहे, जी न्यूयॉर्कच्या न्यायालयात विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मान्य झाली : नूतनीकरणाच्या नोंदींवर, म्हणजे कोणाची पॉलिसी कधी संपते या यादीवर, हक्क कंपनीचा नसून स्वतंत्र एजंटाचा असतो. ही बारीकशी वाटणारी गोष्ट फार महत्त्वाची आहे. ग्राहक त्याचा असतो, म्हणून कंपनी बदलूनही ग्राहक टिकवण्यात त्याचा फायदा असतो. त्याच्यावर डोळे मिटून विसंबावं, असं मात्र मी म्हणणार नाही. काहींकडे दहा कंपन्या असतात, काहींकडे तीनच. एखाद्या कंपनीला वर्षभरात जास्त आणि नफ्याचा धंदा दिला तर नेहमीच्या कमिशनखेरीज वेगळी रक्कमही मिळते. म्हणून त्याला सरळ विचारा : माझ्यासाठी किती कंपन्यांचे दर पाहिले, आणि हीच का निवडली? चांगला एजंट या प्रश्नाने दुखावत नाही.

कायद्याने एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि ब्रोकर ग्राहकाचा. घर-गाडीसाठी हा फरक रोजच्या व्यवहारात फारसा जाणवत नाही, पण ज्यांचं उपाहारगृह आहे, सल्लागार कंपनी आहे, पाचदहा माणसं पगारावर आहेत, त्यांनी ब्रोकरकडेच जावं. कामगारांच्या दुखापतीचा विमा, व्यावसायिक चुकीचा विमा, सायबर हल्ल्याचा विमा यांची सांगड घालणं हे गाडीची पॉलिसी विकणाऱ्याचं काम नव्हे. आणखी एक मार्ग मधला माणूसच नसलेला : गायको ही कंपनी १९३६ पासून मुख्यतः एजंट वगळून थेट ग्राहकाला विमा विकते. नुकताच नोकरीला लागलेला, भाड्याच्या घरात राहणारा, एकच गाडी असलेला तरुण तिथून विमा घेत असेल तर त्यात चूक काहीच नाही. फक्त मग किती संरक्षण घ्यायचं, हे ठरवण्याची जबाबदारी पूर्णपणे त्याची.

आणि नेमकी तिथेच गफलत होते. कनेक्टिकटमध्ये गाडीसाठी कायद्याने सक्तीची किमान जबाबदारी एका जखमी माणसामागे २५ हजार डॉलर, एका अपघातामागे ५० हजार आणि दुसऱ्याच्या मालमत्तेसाठी २५ हजार एवढीच आहे. इथल्या रुग्णालयात २५ हजार डॉलर किती लवकर संपतात, हे वेगळं सांगायला नको. उरलेली रक्कम तुमच्या बचतीतून आणि घराच्या किमतीतून मागितली जाऊ शकते. मुलगा सोळा वर्षांचा झाला, शिकाऊ परवाना घेऊन आला, की जो एजंट स्वतः फोन करून ही मर्यादा वाढवा आणि वर अम्ब्रेला पॉलिसी, म्हणजे या मर्यादेपलीकडचं जादा संरक्षण, घ्या असं सुचवतो, त्याला सोडू नका. जो केवळ हप्ता कमी करून दाखवतो, तो तुमचं संरक्षण कमी करत नाही ना, हे तपासा.

घराच्या विम्याबाबत आपल्या परिसराने एक कडू धडा घेतला आहे. हार्टफर्डच्या पूर्वेला टॉलंड, व्हर्नन, एलिंग्टन, साउथ विंडसर या भागांत १९८० च्या दशकापासून पुढे बांधलेल्या हजारो घरांच्या पायाच्या काँक्रीटमध्ये पिरोटाइट नावाचं खनिज निघालं. विलिंग्टनच्या एका खाणीतल्या खडीतून ते आलं होतं. पाणी आणि हवा लागून ते फुगतं, पायाला भेगा पडतात आणि पाया बदलण्याशिवाय इलाज उरत नाही. लोकांनी विमा कंपन्यांकडे दावे केले. पॉलिसीत घर कोसळण्यापासून संरक्षण होतं, पण नव्या पॉलिसींत ‘अचानक कोसळणं’ अशी व्याख्या आलेली होती आणि हे पाये वर्षानुवर्षं हळूहळू खचत होते. २०१९ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचा कौल कंपन्यांच्या बाजूने गेला. त्याआधीच राज्याने मदतीसाठी स्वतंत्र संस्था उभी केली होती, म्हणून अनेक कुटुंबं तरली. या भागात घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना माझी कळकळीची विनंती : पायाची काँक्रीट चाचणी केल्याशिवाय सही करू नका. आणि जो एजंट पॉलिसीत काय नाही ते आधी दाखवतो, पूर वगळलेला आहे, कोसळण्याची व्याख्या ही अशी आहे, छतावर बर्फ साचून पाणी आत आलं तर काय मिळेल, हे बसून वाचून दाखवतो, त्याच्याकडूनच विमा घ्या. जुन्या स्टीम बॉयलर कंपनीच्या निरीक्षकांची परंपरा असा माणूस चालवतो.

दावा करायची वेळ आली की निर्णय एजंटाच्या हातात नसतो. तो कंपनीचा क्लेम विभाग घेतो. हार्टफर्डमधल्या एका विमा कंपनीच्या अशाच विभागात कवी वॉलेस स्टीव्हन्स १९१६ पासून मरेपर्यंत, १९५५ पर्यंत होता. तो उपाध्यक्ष झाला, पुलित्झर मिळालं, तरी हमीपत्रांचे दावे तपासत राहिला. गाडी न चालवता घरापासून कचेरीपर्यंत अडीच मैल चालत जायचा. त्या वाटेवर आज तेरा दगड बसवले आहेत, आणि प्रत्येकावर त्याच्या एका कवितेचं एकेक कडवं कोरलेलं आहे. कवितेची आवड असणाऱ्यांनी सकाळी ही वाट जरूर चालावी.

सर्वांत नाजूक विषय ओळखीतल्या एजंटांचा. आपल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात भेट होते, जेवायला बोलावणं येतं आणि चहासोबत बचत जोडलेल्या आयुर्विम्याचे तक्ते समोर येतात. ओळखीच्या माणसाला नाही म्हणणं आपल्याला जड जातं. पण अशा पॉलिसींत कमिशन मोठं आणि सुरुवातीच्या वर्षांत बाहेर पडण्याचा दंडही मोठा असतो. लहान मुलं आणि घराचं कर्ज असलेल्या कुटुंबाची पहिली गरज साध्या मुदत विम्याची आहे, आणि जो एजंट आधी त्याचा दर सांगत नाही त्याच्या तक्त्यांवर सही करू नये. मैत्री मैत्रीच्या जागी ठेवावी. याच मंडळात प्रामाणिकपणे हे काम करणारेही आहेत. परवाना मागितला तर ते आनंदाने दाखवतात, आणि कनेक्टिकटच्या विमा विभागाच्या नोंदीत तो कोणालाही तपासता येतो.

उन्हाळ्यात आई-वडील येतात तेव्हा प्रवासी आरोग्य विमा लागतो. एकच योजना कोणाकडूनही घेतली तरी हप्ता साधारण तोच असतो, म्हणून इथे एजंट निवडायचा तो सेवा पाहून. जुन्या मधुमेहाचं किंवा हृदयविकाराचं काय झाकलं जातं आणि काय नाही, हे तो आई-बाबांना मराठीत किंवा सोप्या हिंदीत सांगू शकतो का? मध्यरात्री आपत्कालीन कक्षातून फोन केला तर उचलतो का?

मिडलटाउनच्या सत्यनारायण मंदिरात दर्शन घ्या, ट्वेनचं घर पाहा, बुशनेल पार्कमध्ये बसा. पण संमेलनाला निघण्यापूर्वी, आपापल्या गावीच, गाडीच्या आणि घराच्या पॉलिसीचं पहिलं पान काढा. त्यावर मर्यादांचे आकडे असतात आणि एजंटाचं नाव असतं. त्या माणसाला फोन करून विचारा की या पॉलिसीत काय नाही. तो फोन उचलत नसेल किंवा उत्तर देऊ शकत नसेल, तर पुढच्या नूतनीकरणाआधी दुसरा एजंट शोधा.