पुरळ दिसते, थकवा दिसत नाही

बालरोगतज्ज्ञाकडे येणाऱ्या तक्रारींत अंगावर उठलेले पुरळ ही अगदी नित्याची तक्रार होय. पेडणे व डिचोली तालुक्यांत तर तिची कारणे घराभोवतीच सापडतात. काजूच्या हंगामात बियांच्या टरफलातील तेल लागून मुलांच्या हातातोंडावर फोड येतात, पावसाळ्यात ओल्या कपड्यांमुळे गजकर्ण बळावते, उन्हाळ्यात घामोळे उठते. यांपैकी बहुतेक पुरळ निरुपद्रवी असते व साध्या उपचारांनी बरे होते. म्हणूनच पुरळ दिसले की डॉक्टर काय किंवा पालक काय, ‘ॲलर्जी’ हा एक शब्द उच्चारून निश्चिंत होतात.

परंतु पुरळ घेऊन आलेले मूल त्याच सुमारास थकलेलेही दिसू लागले असेल, तर प्रश्नाचे स्वरूप बदलते. एकाच मुलात एकाच काळात उद्भवलेली ही दोन लक्षणे निराळी कारणे सिद्ध होईपर्यंत एकाच आजाराची मानावीत, हा वैद्यकशास्त्राचा जुना व भरवशाचा नियम आहे. व्यवहारात मात्र त्यांची फारकत होते. पुरळ दिसते, म्हणून त्याला मलम मिळते. थकवा दिसत नाही, म्हणून त्याला उपदेश मिळतो. अभ्यासाचा कंटाळा आहे, जेवत नाही, दृष्ट लागली, टॉनिक द्या, अशी त्याची वासलात लागते. निदानाची वाट मात्र बहुधा या न दिसणाऱ्या लक्षणातूनच जाते.

थकवा म्हणजे नेमके काय?

‘थकवा’ हा शब्द पालक अनेक अर्थांनी वापरतात. त्याची उकल करणे ही निदानाची पहिली पायरी होय. मूल फिकट पडले आहे व थोडे धावताच धापा टाकते काय? तसे असल्यास रक्ताकडे लक्ष द्यावे. ताप आहे व मूल ग्लानीत पडून राहते काय? मग संसर्ग किंवा अंतर्गत दाह शोधावा. की मुलाला उत्साह आहे, खेळावेसे वाटते, पण शरीरात बळ उरलेले नाही? हा तिसरा प्रकार सर्वांत अधिक निसटतो, कारण ती थकावट नसून स्नायूंची दुर्बलता असते.

समजा, डिचोली तालुक्यातील सात वर्षांची एक मुलगी आहे. दोन महिन्यांपासून तिच्या पापण्यांवर जांभळट छटा व गालांवर लाली आहे. बोटांच्या सांध्यांवर, कोपरांवर व गुडघ्यांवर लालसर, खवलेदार चट्टे आहेत. कोणी धुळीची ॲलर्जी म्हणतो, कोणी इसब. दरम्यान ती शाळेच्या बसची पायरी आईचा हात धरून चढू लागली आहे आणि वेणी घालताना तिला हात वर धरवत नाहीत. तिला जमिनीवर मांडी घालून बसवावे व हातांचा आधार न घेता उठण्यास सांगावे. ती मांड्यांवर हात टेकून, स्वतःच्याच अंगावर चढत असल्यासारखी उठली, तर पुरळाचे आणि थकव्याचे नाव एकच असण्याचा दाट संभव आहे. ते नाव म्हणजे ‘ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस’. या चाचणीला पैसा लागत नाही, केवळ दोन मिनिटे लागतात.

हा आजार दुर्मीळ आहे. दर दहा लाख मुलांमागे वर्षाला सुमारे दोन ते चार मुलांना तो होतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेतील व स्नायूंतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांवर उलटते. स्नायूंना इजा झाल्याने रक्तातील एसजीओटी व एसजीपीटी वाढतात, आणि केवळ तेवढे पाहिल्यास यकृताचा विकार समजून मुलाला काविळीचे पथ्य सुरू होते. अशा वेळी सीपीके, एलडीएच व अल्डोलेज या तपासण्या मागवाव्यात. मात्र सीपीके प्राकृत असला तरी आजार नाही असे मानू नये. मांडीचे एमआरआय पुष्कळदा शंका फेडते. स्टिरॉइड उपलब्ध होण्यापूर्वी या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश दगावत व एक तृतीयांश पंगू होत. आज स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, उन्हापासून संरक्षण व व्यायामोपचार यांमुळे बहुसंख्य मुले पुन्हा मैदानावर जातात. पण उपचारांस विलंब झाला, तर त्वचेखाली चुन्याच्या गाठी साचणे व सांधे आखडणे यांचा धोका वाढतो. विलंबाची किंमत ती ही.

शेजारची इतर निदाने

पुरळ व थकवा या जोडीमागे आणखी काही आजार दबा धरून असतात. पुरळावर काचेचा पारदर्शक पेला दाबावा. दाबाखाली लाली नाहीशी झाली नाही, तर ते पुरळ नसून त्वचेतील रक्तस्राव होय. सोबत फिकटपणा, ताप, हाडे दुखणे किंवा मानेत गाठी असल्यास त्याच दिवशी रक्ताची संपूर्ण गणना व स्मिअर करून घ्यावा. रक्ताचा कर्करोग असा गुपचूप येतो. ताप असलेल्या मुलात अशी चिन्हे झपाट्याने पसरत असतील, तर वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.

ताप, ग्लानी व पुरळ असता आपल्या भागात ‘स्क्रब टायफस’ विसरून चालणार नाही. झुडपांतील व गवतातील बारीक किडीच्या चाव्यातून हा जिवाणू शरीरात शिरतो. गोमेकॉत तापासाठी आलेल्या रुग्णांत हा आजार आढळल्याचा अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला आहे. चाव्याच्या जागी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली असते; ती काखेत, जांघेत किंवा कानामागे लपते, म्हणून मुलाचे सर्व कपडे उतरवून तपासणी करावी. नेहमीच्या अमॉक्सिसिलिनने हा ताप हटत नाही. डॉक्सिसायक्लिन वा ॲझिथ्रोमायसिन वेळेवर दिल्यास तो बहुधा दोन दिवसांत ओसरू लागतो.

आजारांना तालुक्याची किंवा राज्याची सीमा ठाऊक नसते, हेही ध्यानी ठेवावे. १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा भागात प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१५ मध्ये सत्तरीतील पाली गावात व २०१६ मध्ये शेजारच्या दोडामार्गात उद्भवला. त्यात पुरळ हे प्रमुख लक्षण नव्हे; परंतु मूल कोठे राहते, कोठे गेले होते, रानात वा काजूच्या बागेत गेले होते काय, हे विचारणे किती मोलाचे असते, ते त्या घटनेने आपणा सर्वांना शिकविले.

पाच दिवसांहून अधिक ताप, पू नसलेले लाल डोळे, फुटलेले ओठ व सुजलेले हातपाय असल्यास ‘कावासाकी’चा विचार करावा. गालांवर फुलपाखरासारखी लाली व सांधेदुखी असल्यास ‘ल्युपस’ आठवावा, आणि लघवीची तपासणी व रक्तदाब कधीही वगळू नये.

‘निदान अज्ञात’

डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी १९६१ साली जपानमध्ये चार वर्षांचा एक मुलगा तपासला. त्याचा ताप व पुरळ कोणत्याच ज्ञात आजारात बसेना. त्यांनी त्याला सोयीचे नाव चिकटविले नाही. ‘निदान अज्ञात’ अशी नोंद करून घरी सोडले. पुढील वर्षी तसेच दुसरे मूल आले तेव्हा त्यांना पहिले आठवले. अशी ५० मुले पाहून १९६७ मध्ये त्यांनी आपला लेख प्रसिद्ध केला. उपचारांवाचून या आजारात सुमारे चतुर्थांश मुलांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांना फुगवटे येतात. पहिल्या दहा दिवसांत शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास हा धोका पुष्कळच घटतो. या सर्व ज्ञानाची सुरुवात एका प्रामाणिक नोंदीपासून झाली.

चुकीचे नाव शोध थांबविते. ‘अद्याप निदान नाही’ ही नोंद तो चालू ठेवते. म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की, निदान होण्यापूर्वी स्टिरॉइडच्या गोळ्या देण्याचा मोह टाळावा. त्यांनी पुरळ मावळते, ताप उतरतो, घरचे आनंदतात. परंतु रक्ताचा कर्करोग असल्यास अस्थिमज्जेतील पुरावा पुसट होतो व मोलाचे आठवडे वाया जातात. प्रकृती गंभीर असून त्या देणे भागच असेल, तर त्याआधी रक्ताची गणना व स्मिअर झालेला असावा.

पालकांसाठी

मुलाची एकच फाईल ठेवावी व डॉक्टर बदलला तरी ती बदलू नये. पुरळ ये-जा करते, म्हणून ते असतानाच दिवसाच्या उजेडात मोबाईलवर छायाचित्र घ्यावे व तारीख नोंदवावी. कालपर्यंत करीत असलेली कोणती गोष्ट मूल आज करीत नाही, हे लिहून ठेवावे. ‘अशक्त आहे’ यापेक्षा ‘गेल्या महिन्यापासून जिना चढत नाही’ हे वाक्य डॉक्टरांना शतपटीने उपयुक्त असते. पुरळ व थकवा दोन आठवड्यांहून अधिक टिकल्यास ‘पुढे काय तपासायचे?’ असे निःसंकोच विचारावे. डॉक्टरांनी ‘अजून कळलेले नाही, पुढे शोधू’ असे सांगितले, तर त्यामुळे विश्वास ढळू देऊ नये.

पेडण्याहून वा डिचोलीहून बांबोळीला एक फेरी म्हणजे अनेक घरांत एका दिवसाची मजुरी बुडणे होय. ती फेरी सार्थकी लागावी यासाठी पाठविणाऱ्या डॉक्टरने चिठ्ठीत केवळ ‘पुरळ’ असे न लिहिता ‘पुरळ व थकवा, कालावधी, बळ किती, दिलेली औषधे’ असे लिहावे. या चार नोंदींमुळे पुढील डॉक्टरचा शोध पहिल्या दिवसापासून सुरू होत नाही. आपण जेथे थांबलो, तेथून तो पुढे सुरू होतो.