बॅटरी काढली, तरी इंजिन चालतं कसं?

प्रश्न: मुलाच्या रिमोटवर चालणाऱ्या नायट्रो गाडीचं इंजिन सुरू झालं की ग्लो प्लगचा सेल काढून घेतात. मग ठिणगी येते कुठून?

उत्तर: ठिणगी इथे नसतेच. प्लगच्या टोकाशी प्लॅटिनममिश्रित तारेचं बारीक वेटोळं असतं. सुरुवातीला दीड व्होल्टचा सेल ते लालभडक तापवतो. पुढे प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर इंधनातल्या मिथेनॉलच्या वाफेचा ऑक्सिजनशी संयोग होऊन उष्णता सुटते. तिला दाबलेल्या हवेची आणि आधीच्या ज्वलनाची उष्णता येऊन मिळते, नि तार धगधगत राहते. म्हणूनच यात मिथेनॉलऐवजी पेट्रोल चालत नाही.

सेल काढताच इंजिन बंद पडत असेल, तर प्लग खोलून तार पाहा. ती चकचकीत हवी. पांढुरकी, खरखरीत किंवा वाकडी दिसली तर प्लग सरळ बदला. आणि १२ व्होल्टची बॅटरी थेट कधीच लावू नका, तार क्षणात जळते.